कायदा तरी झाला

नरेंद्र दाभोलकरांना जिथे गोळ्या घातल्या, त्या ओंकारेश्वराच्या पुलावर २० ऑगस्टला सकाळी माणसं जमतात. पाटीवर त्याचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल असं आहे, पण पुणेकरांच्या तोंडी ओंकारेश्वराचा पूलच. कार्यकर्ते येतात, डफ वाजतो, गाणी होतात, हातात फलक असतात. गेल्या ऑगस्टात मीही तिथे उभी होते. रात्रभर भुरभुर चालू होती, धरणातून पाणी सोडलेलं, मुठा गढूळ आणि फुगलेली, आणि तिच्यावरून येणारा तो ओला, किंचित कुजका वास. फिरायला निघालेल्यांपैकी कुणी थांबत होतं, कुणी नुसती मान वळवून तसंच पुढे जात होतं. माझ्या शेजारी एक आजोबा येऊन थांबले. एका हातात छत्री, दुसऱ्यात दुधाच्या पिशव्या. फलकावरचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘फार वाईट झालं हो. सोन्यासारखा माणूस. पण एका अर्थी बघा, ते गेले म्हणून कायदा तरी झाला. नाहीतर अजून तसाच लोंबकळत पडला असता.’ मग छत्री सावरत ते शनिवार पेठेच्या बाजूला निघून गेले.

त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता. उलट गळा दाटलेला होता. अवेळी गेलेल्या माणसाचं काहीतरी सार्थक झालं, असं म्हणून मागे राहिलेल्यांनी एकमेकांना धीर द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मला परकी नाही. तरीही ते वाक्य दिवसभर डोक्यातून हललं नाही. ऑफिसात काम करताना, संध्याकाळी भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर, ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं, आणि मला टोचत होतं ते तेच.

कारण झालं तसंच होतं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती अठरा वर्षं झगडत होते. मसुदे झाले, नावं बदलली, कलमं गाळली, पुन्हा घातली, पुन्हा गाळली. वारी बंद होईल, सत्यनारायण घालता येणार नाही, अशा अफवा उठल्या. त्यांचं निरसन करायला हा माणूस गावोगाव गेला. मी त्यांना कॉलेजात असताना एका व्याख्यानात ऐकलं होतं. साधा शर्ट, खेळाडूचा ताठ बांधा, आवाज कुठे चढला नाही. व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरं लांबली. एका मुलानं जरा उद्धटपणेच विचारलं होतं आणि सभागृहात कुजबुज झाली, तर दाभोलकरांनी इतरांना हातानं थांबवून त्याला सगळ्यात जास्त वेळ दिला. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. तो मुलगा शेवटपर्यंत उभाच होता आणि पटलं नाही तरी ऐकत होता, हे मात्र डोळ्यांपुढे आहे. अशा रीतीनं, एकेका उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलत, अठरा वर्षं गेली. विधेयक पुढे सरकलं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं वटहुकूम काढायचं ठरवलं. डिसेंबरात विधिमंडळात कायदा मंजूर झाला.

अठरा वर्षांत शब्दांनी जे झालं नाही, ते गोळीनं एका दिवसात झालं.

हे वाक्य लिहितानाही माझा हात अडखळतो. गोळी झाडणाऱ्यांना कायदा नको होता, म्हणजे परिणाम उलटाच झाला, आणि त्यात एक प्रकारचा न्याय आहे, असं त्या दिवसांत पुष्कळांनी म्हटलं. मला त्यात न्याय दिसत नाही. कायदा चांगला आहे, तो हवाच होता, आज कितीतरी भोंदूंवर त्याखाली गुन्हे दाखल होतात, याचं मला मनापासून समाधान आहे. पण ज्या टेबलाभोवती बसून कायदे ठरतात ते टेबल बंदुकीच्या आवाजानं हललं, मग ते कुठल्याही बाजूला हलो, ही गोष्ट भीतीची आहे. आपल्या सार्वजनिक जीवनाला मढ्याचं वजन लागतं, असा त्याचा अर्थ निघतो. आत्महत्या झाल्या की पॅकेज, मोर्चात कुणी दगावलं की चर्चेचं आमंत्रण, बळी गेला की चौकशी समिती. मागणी रास्त आहे की नाही हे आपण तिच्यामागे किती माणसं मेली यावरून जोखायला लागलो, तर मारणाऱ्याला आपण नकळत कामकाजात जागा करून देतो. त्याची गोळी हासुद्धा एक ठराव होतो. त्या आजोबांच्या वाक्यात मला हे ऐकू आलं, त्यांच्या मनात नसतानाही.

हिंसेनं काहीच साध्य होत नाही, असं आपण शाळेत निबंधात लिहीत आलो. मला ते आता लिहवणार नाही. साध्य होतं, पुष्कळ साध्य होतं, आणि बहुधा मारणाऱ्याला हवं तेच होतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पूर्वी एका संध्याकाळी समितीचे कार्यकर्ते यायचे, मुलांना चमत्कार करून दाखवायचे. पाटावर यज्ञकुंड मांडायचं, त्यात आधीच जांभळट पूड टाकून ठेवलेली असायची, आणि एक कार्यकर्ता डोळे मिटून काहीबाही पुटपुटत वरून ‘तूप’ सोडायचा. क्षणभर काही नाही. मग धूर, आणि भस्सकन जाळ. मुलं किंचाळायची. त्यानंतर तो दोन्ही बाटल्या वर धरून सांगायचा की ही पूड म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात ते, आणि हे तूप म्हणजे ग्लिसरीन, केमिस्टकडे मिळतं. आता पुढे या आणि तुम्ही करा. माझ्या मुलीनं केलं होतं. जाळ उठल्यावर मागे सरकून ती हसली होती. तिच्या बोटांवर पुढे दोन-तीन दिवस तपकिरी डाग होते आणि ते ती शाळेत सगळ्यांना दाखवत होती.

२०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळी फिरून येत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. ऑगस्टच्या अखेरीला धारवाडला कन्नड विचारवंत कलबुर्गींना त्यांच्या घरीच मारलं. दोनच वर्षांनी बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश, त्याही घराच्या दारात. कलबुर्गी गेले त्याच्या थोडंच आधी आमच्या मंडळाची बैठक झाली होती आणि मी नेहमीप्रमाणे चमत्कारांचा कार्यक्रम सुचवला होता. सेक्रेटरी भला माणूस. माझ्याबरोबर खाली जिन्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘वहिनी, मला त्यांचं सगळं पटतं. पण पत्रिकेवर फोन नंबर माझा असतो. घरी आई आहे. यंदा राहू द्या ना.’ कुणी त्याला धमकी दिली नव्हती. आमच्या सोसायटीचं नावही कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. गोळी कोल्हापुरात झाडली गेली आणि आमच्या मांडवातला अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम तिनं बंद पाडला. त्या वर्षी त्या जागी अंताक्षरी झाली. असे किती कार्यक्रम, किती लेख, किती वर्गांत शिक्षकांनी घशात अडवलेली वाक्यं, यांची मोजदाद कुठल्या आरोपपत्रात होणार? कोल्हापूरकरांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला, पुण्यात माणसं पुलावर येत राहिली, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण निर्भय हा शब्द मुद्दाम लावावा लागतो, याचा अर्थ भीती ठरवल्या ठिकाणी पोचली होती.

तेव्हा हिंसा फसते म्हणून ती नको, हा युक्तिवाद मी सोडून दिला आहे. ती यशस्वी झाली तरी नको. माझं म्हणणं उभं राहायचं तर ते इथेच राहील.

आणि ते कुणासाठी राहील, हा त्याहून अवघड प्रश्न. मी लहान असताना आम्ही कॅम्पात राहायचो. वडील दक्षिण कमांडच्या कचेरीत कारकून होते. १९८६ च्या ऑगस्टातला रविवार. आम्ही मुलं खाली खेळत होतो. अचानक पोलिसांच्या गाड्या गेल्या, मग आणखी गेल्या, आणि आईनं वरून हाक मारली ती नेहमीची नव्हती. निवृत्त सरसेनापती अरुणकुमार वैद्य यांना भर रस्त्यात त्यांच्या मोटारीत गोळ्या घालून मारलं होतं. ऑपरेशन ब्लूस्टारच्या वेळी ते सैन्याचे प्रमुख होते, म्हणून. अलिबागचा माणूस, दोनदा महावीरचक्र मिळवलेला, निवृत्त होऊन सहा-सात महिने झालेले, स्वतः गाडी चालवत बाजारातून घरी निघालेला. वडील रेडिओला कान लावून बसले. आमच्या मजल्यावर एक शीख कुटुंब होतं. त्या घरातले सरदारजी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या दाराला आतून कडी होती, एरवी ते दार दिवसभर उघडं असायचं. त्यांची मुलं खेळायला येईनात. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आईनं माझ्या हाती डबा दिला आणि म्हणाली, ‘जा, देऊन ये, आणि लगेच पळत येऊ नकोस, बस थोडी.’ सुभेदार काका खुर्चीवर बसले होते, पगडी न बांधता, केस मोकळे. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला बघून म्हणाले, ‘हमारे साहब थे, बेटी।’ एवढंच. सुवर्णमंदिरात रणगाडे शिरले तेव्हाही ते असेच बसून होते, हे मला पुष्कळ वर्षांनी वडिलांकडून कळलं. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही दुःखं होती आणि दोन्ही खरी होती. त्यातलं एक सांगून कुणीतरी दुसरं घडवून आणलं, आणि ते घडवताना सुभेदार काकांना विचारलं नव्हतं.

वैद्यांना मारणाऱ्या दोघांना १९९२ साली येरवड्यात फाशी झाली. पंजाबात आजही काही जण त्यांची बरसी पाळतात, त्यांना शहीद म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली होती. आमच्या शहरात, आमच्या रस्त्यावर, एका निवृत्तीच्या जगण्याला लागलेल्या माणसाला मारणारे शहीद कसे?

पण मी ज्या शहरात हे विचारते तिथे गणेशखिंडीचा रस्ताही आहे. विद्यापीठ चौकातून रोज जाते येते मी. मेट्रोचे खांब, धूळ, हॉर्न. २२ जून १८९७ च्या रात्री याच रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याला गाठलं. शाळेत आम्ही त्यावर नाटुकलं केलं होतं. ‘गोंद्या आला रे’ ही आरोळी माझ्या वाट्याला आली होती आणि ती मी इतक्या जोरात दिली की टाळ्या पडल्या. प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरात शिरत होते, देवघरापर्यंत जात होते, बायकांना रस्त्यावर आणून तपासत होते, घरातली चीजवस्तू बाहेर फेकत होते. तो संताप मला आजही समजतो. त्या भावांनी आपले प्राण दिले, त्यांच्या घरात मागे काय उरलं असेल याचा विचार करवत नाही. त्यांना आणि पुलावर येऊन पाठमोऱ्या म्हाताऱ्याला मारणाऱ्यांना मी एका मापानं मोजणार नाही. मात्र त्या रात्री मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. गाठायचं होतं ते रँडला. आमच्या नाटुकल्यात त्याला नावसुद्धा नव्हतं. एक मुलगा पडायचा आणि पडदा पडायचा. मोठी झाल्यावर मी आयर्स्टविषयी वाचलं, आणि तेव्हापासून चापेकरांचं नाव घेताना माझ्या मनात आदर आणि एक गाठ, दोन्ही असतात. ती गाठ सोडवावी असं मला वाटत नाही. असू दे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत जे भाषण केलं, त्याच्याकडे मी अशा वेळी परत जाते. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टं गाठायला घटनात्मक मार्ग मोकळे नव्हते तेव्हा वेगळ्या मार्गांचं पुष्कळसं समर्थन होऊ शकत होतं, पण आता ते मार्ग मोकळे झाले आहेत, रक्तरंजित क्रांतीची वाट सोडलीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यावर न थांबता सत्याग्रह आणि असहकारसुद्धा बाजूला ठेवा म्हणाले. ते मला पूर्ण झेपत नाही. चवदार तळ्यावर गेलेल्या माणसानं ते म्हणावं याचं नवल वाटत राहतं. पण ज्याला शाळेत वर्गाबाहेर बसवलं, बडोद्यात नोकरीवर असताना ज्याला राहायला जागा मिळू दिली नाही, त्या माणसानं हे सांगितलं आहे. संतापाचा हक्क त्याच्याइतका या देशात कुणाला होता? आपापल्या संतापाच्या नावानं बंदूक उचलणारे, मग ते गडचिरोलीच्या जंगलातले असोत की मोटारसायकलवरून येणारे, त्यांच्याविषयी बोलताना मला हे आधी आठवतं. आणि दाभोलकरांची ती अठरा वर्षं याच वाटेवरची होती. अर्ज, निवेदनं, धरणं, कोर्ट, पुन्हा अर्ज. वाट मोकळी होती असं म्हणायचं, तर तिच्यावरून चालणाऱ्याला कुठेतरी पोचता आलं पाहिजे. तो अठरा वर्षं चालत राहिला आणि पोचला नाही, ही विधिमंडळाची नामुष्की आहे. ‘ते गेले म्हणून कायदा झाला’ म्हटलं की ती नामुष्कीच झाकली जाते.

जर्मन बेकरीतल्या बॉम्बस्फोटाविषयी मला थोडंच सांगता येईल. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ, कुणीतरी सोडून गेलेली पिशवी, सतरा माणसं. तिथे मारणाऱ्याला अमुक एक माणूस मारायचा नव्हता. कुणीही चाललं असतं. त्या मृत्यूंनी कुठला कायदा झाला, असं कुणी विचारत नाही. मॉलच्या दारात पर्स उघडून दाखवायची सवय लागली, ती तेवढी राहिली.

माझ्या घरातच या सगळ्याचा सगळ्यात जुना धागा आहे. आजी साताऱ्याकडच्या एका खेड्यातली. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि झाडणारा कोण, कुठल्या जातीचा, हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळायला लागली. आजीचं घर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी जाळलं. आजोबा सूत कातणारे, खादी वापरणारे. त्यानं काही फरक पडला नाही. शेजारच्या मराठ्यांच्या घरातल्या काकूंनी आजीला आणि तिच्या दोन पोरांना गोठ्यात वैरणीमागे लपवलं आणि दारात स्वतः उभ्या राहिल्या. आजी ते सांगायची तेव्हा जाळाविषयी फारसं बोलायची नाही. वासाविषयी बोलायची: कडीपाटाचं जुनं सागवान, कोठीतलं भात आणि गूळ असं सगळं एकत्र जळताना जो गोडसर करपट वास सुटला, त्यानं पोरांना भूक लागली आणि ती रडायला लागली, त्यांची तोंडं दाबून धरावी लागली. आणि घंगाळाविषयी. पुढे कधीतरी ती गावात कामासाठी गेली, तेव्हा एका परड्यात तिला तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ दिसलं. त्यात म्हैस पाणी पीत होती. घरधनीण पुढे आली, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पोराबाळांची विचारपूस झाली. घंगाळाचा विषय कुणीच काढला नाही. आजोबांनी जमीन सोडली, सगळे पुण्याला आले, आणि परत कुणी तिथे राहायला गेलं नाही. जाळणाऱ्यांचं साधलं की.

आमच्याच कुटुंबात माझा एक चुलतमामा दर ३० जानेवारीला गांधींचा खून कसा अटळ होता ते सांगायचा. पंचावन्न कोटी, फाळणी, सगळी यादी पाठ. तो कोर्टातल्या निवेदनाच्या ओळी म्हणायला लागला की आजी काही न बोलता उठायची आणि आत जायची. एकदाच ती दारातून वळली. ‘त्याला गोळी घालायला कारण होतं म्हणतोस ना,’ ती म्हणाली, ‘आमचं घर जाळणाऱ्यांकडेही कारण होतं. माझ्या पोरांचं तोंड दाबून धरलं तेव्हा त्यांचं कारणच तर बाहेर ओरडत होतं.’ मामा गप्प बसला, पण त्यानं मत बदललं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती गांधीवादी वगैरे नव्हती, तिला जातीचा अभिमानही होता आणि ज्यांनी जाळलं त्यांच्याविषयी तिच्या मनातला कडवटपणा शेवटपर्यंत गेला नाही. तरीही ज्यांनी तिचं घर जाळलं त्यांचं कारण आणि ज्यानं गांधींना मारलं त्याचं कारण, ही दोन्ही तिनं एकाच ठिकाणी ठेवली होती, आणि आपल्या माणसाच्या कारणाला जरा वरची जागा द्यावी, असं तिला कधी वाटलं नाही. १९३४ साली पुण्यातच गांधींच्या मोटारीवर म्हणून बॉम्ब टाकला गेला होता; तो दुसऱ्याच गाडीवर पडला. बॉम्ब टाकणाऱ्याची आपल्याला कीव येते, आणि आपल्या हातात असतं तर त्याला सोडून द्या म्हटलं असतं, असं गांधींनी त्यावर सांगितलं. आजीला हे मी वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, ‘मला नाही जमायचं बाई.’ मलाही जमायचं नाही. कीव करणं माझ्या आवाक्यात नाही. मारणाऱ्याला शिक्षा व्हावी असंच मला वाटतं. पण त्याचं कारण ऐकून घेऊन त्याला माप झुकतं द्यायचं नाही, एवढं जमण्यासारखं आहे, आजीला जमलं.

दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. खुनामागचे सूत्रधार कोण, ते मात्र सिद्ध झालं नाही. निकाल वाचताना मी त्या दोन मुलांचा विचार करत होते. खून झाला तेव्हा ती तरुणच होती. माझ्या कॉलेजातल्या त्या उद्धट मुलापेक्षा फार मोठी नसतील. व्याख्यानाला येऊन मागच्या रांगेत उभं राहून वाटेल ते विचारता आलं असतं त्यांना. दाभोलकरांनी त्यांना सगळ्यात जास्त वेळ दिला असता. ज्यांनी त्यांच्या हातात पिस्तूल दिलं, त्यांनी त्यांना हे करू दिलं नाही. सूत्रधार बाहेर राहतो, पोरं आत जातात.

पुलावरच्या त्या सकाळीनंतर आठवड्याभरात गणपती आले. मंडळाची सेक्रेटरी आता एक तरुण मुलगी आहे, बँकेत नोकरी करते. तिच्यासमोर मी चमत्कारांचा कार्यक्रम काढला तर ती म्हणाली, ‘करू या की काकू, मी लहानपणी पाहिलाय तो.’ पत्रिकेवर तिनं स्वतःचा नंबर घातला. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर येऊन बसले. त्यांना समितीचं काम अजिबात मान्य नाही आणि ते ती गोष्ट लपवत नाहीत. कुंडातला जाळ उठला, मुलं किंचाळली, बाटल्या वर झाल्या, आणि काका उभे राहिले. तुम्ही नेहमी हिंदूंच्याच मागे का लागता? उदबत्तीच्या वासानं माणसाला बरं वाटतं ते विज्ञानात बसतं का? माझी आई पंचवीस वर्षं वारीला गेली, ती अडाणी होती का? कार्यकर्ता जेमतेम तिशीचा असेल. त्यानं कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही इथपासून सुरुवात केली, सगळ्या धर्मांतल्या भोंदूंविरुद्धच्या तक्रारी सांगितल्या, वारीविषयी बोलताना तुकारामांचे अभंग म्हटले. त्यातल्या एका अभंगाचा पाठ त्यानं चुकवला म्हणून काकांनी त्याला अडवलं, आणि काका बरोबर होते. आवाज चढले. मुलं कंटाळून पळाली, आरतीला उशीर झाला, मांडवातले पंखे बंद करून दिवे अर्धे घालवले तरी दोघांचं चालूच होतं. शेवटी काकांनी सरळ सांगितलं की त्यांना यातलं काही पटलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी या जागी चांगलं नारदीय कीर्तन ठेवायचं. सेक्रेटरीनं वहीत लिहून घेतलं. कार्यकर्ता म्हणाला, ‘ठेवा, मी ऐकायला येतो, आणि नंतर मला प्रश्न विचारायला वेळ द्या.’ त्यावर काकांनी त्याचा नंबर मागून घेतला.